पहिल्या टाक्याची जागा

मस्तुराच्या अंगणात तुतीखाली कापूस झोडपायचं काम निघालं की गल्लीतली मांजरंसुद्धा त्या बाजूला फिरकत नसत. दोन्ही हातांत लवचिक छड्या, नाकातोंडाला घट्ट रुमाल, आणि छड्यांचा ठेका असा बोलका की शेजारणी घरात बसूनच ओळखायच्या, आज बाई खुशीत आहे की नवऱ्याशी वाजलंय. त्या दिवशी ठेका मस्त लागला होता. कापूस फुलून आला होता, सून मोहिगुल अस्तर अंथरत होती, आणि नेमकी तेव्हाच एक पांढरी मोटार फाटकात उभी राहिली. तिच्यातून एक ताशकंदची बाई उतरली आणि दोन पावलांत तिच्या टोकदार टाचा कापसात रुतल्या.

"मस्तुराओपा तुम्हीच ना?" बाईनं मोठ्या बहिणीला म्हणतात तसं ओपा म्हणत, एक पाय झटकत विचारलं.

"मीच. तुम्ही आधी बूट काढा, नाहीतर एखाद्या नवरीच्या रजईत शिवल्या जाल."

बाई मोकळी हसली. तिचं नाव शोहिस्ता. ताशकंदला तिचं मोठं दुकान होतं, लग्नाच्या सामानाचं. कोणाच्या तरी घरी तिनं मस्तुराच्या हातची रजई पांघरली होती आणि पत्ता काढत ती थेट कोकंदला आली होती. चहा ओतेपर्यंत तिनं रचलेल्या रजयांत कोपरापर्यंत हात घातला, एक उलटी करून टाके पाहिले, नाकाला लावून कापसाचा वास घेतला आणि म्हणाली, "मला या दुकानात पाहिजेत. तयार संच. लग्नसराई सुरू झाली की संपेपर्यंत, दर महिन्याला. आधी नमुन्याच्या थोड्या पाठवा. खपल्या की पुढचं सगळं काम तुमचं. जमेल?"

मस्तुरानं हातातला पियाला खाली ठेवला.

गेली वीस-बावीस वर्षं ती हेच काम करत होती, पण मोहल्ल्यापुरतं. पोरीचं लग्न ठरलं की पोरीची आई कापडाचं गाठोडं घेऊन यायची. अंगणात ते उलगडायचं, रेशमी वरचं, छिटाचं अस्तर, मधे कापूस. रजया आणि बसायच्या लांबट गाद्या. नवरीच्या पेटाऱ्यावर रजयांची उतरंड छताला टेकली नाही, तर व्याह्यांकडच्या बायका मान वर न करताही ते बरोबर पाहतात आणि पुढची दहा वर्षं बोलतात. त्यामुळे काम कधी थांबलं नाही. वाढलंही नाही.

"विचार करून सांगते," मस्तुरा म्हणाली.

"करा, पण लोणचं घालू नका. एक मशीनवाला माझ्या मागे लागलाय. धडाधड शिवतो, कापूस तरी घालतो की काय देव जाणे. तुम्ही नाही म्हणालात तर त्याचा माल घेईन. आणि माझ्याकडे तो खपला, ओपा, तर तुमच्या कोकंदच्या बाजारात यायला त्याला कितीसा वेळ?"

मोटार गेली. मस्तुरानं छड्या उचलल्या, पण ठेका काही जुळेना. बाई खोटं बोलली नव्हती. हे काम घेतलं तर उद्योग उभा राहील. नाही घेतलं तर आहे तोही मशीनवाला खाईल.

---

रात्रीच्या जेवणाला तिनं नवऱ्याच्या कानावर घातलं. तुर्सुनअली छोटी प्रवासी गाडी चालवायचा. दिवसभर दुसऱ्यांना बसवून आणून सोडून त्याचा स्वभावही तसाच झाला होता, कोणालाही वाटेत उतरवायचा.

"जागा कुठंय?" तो म्हणाला.

"पाहुण्यांची खोली."

तुर्सुनअलीचा घास हातातच राहिला. "आणि पाहुणा आला म्हणजे? त्याला काय कापसात पुरायचा?"

"गेल्या वर्षभरात कोण आलं होतं? तुमचा तो अंदिजानचा चुलतभाऊ. आठवडाभर घोरून गेला."

"म्हणून काय खोली मोडायची? पाहुण्यांची खोली नसलेलं घर म्हणजे... म्हणजे..." त्याला पुढचं सुचेना. "मोहिगुल, म्हणजे काय गं?"

"म्हणजे कारखाना, दादा," मोहिगुल चहात तोंड लपवून म्हणाली. सासऱ्याला ती दादा म्हणायची, सासूला आया, आणि सासूच्या बाजूनं बोलायचं असलं की आवाज फारच मऊ करायची. "आया, पण हात? आपण दोघीच. लग्नाच्या रजयांना शेजारणी हशरला येतात, ओशाचा पुलाव खातात, गप्पा मारतात, शिवून जातात. दुकानाच्या मालाला कशा येतील?"

"हशर दुकानासाठी नसतं," मस्तुरा म्हणाली. "लग्नघरी फुकट राबायचं ते पोरीसाठी. व्यापाऱ्यासाठी फुकट राबवलं तर उद्या माझ्या दारात कोणी पाणी प्यायला येणार नाही. मजुरी द्यायची. रोख. आणि ओशही घालायचा, म्हणजे कोणाला मजुरीची लाज वाटायची नाही."

तुर्सुनअलीनं तिच्याकडे पाहिलं. ही बाई विचार करून सांगते म्हणाली होती. हिचा विचार तर केव्हाच करून झाला होता.

"मग अडलंय कुठं?" तो म्हणाला.

 मस्तुरानं नुसती भिंतीकडे मान केली. भिंतीपलीकडे तोजीखोनचं घर होतं. सारा मोहल्ला तिला खोला, म्हणजे मावशी म्हणायचा.

---

तिथल्या रिवाजात नवरीच्या रजईचा पहिला टाका कोणीही घालत नाही. घालते ती म्हातारी, लेकुरवाळी, एकाच लग्नात केस पांढरे झालेली. ती दोरा ओवते, नवरीचं नाव घेते, तिच्या सुखासाठी चार शब्द पुटपुटते आणि कोपऱ्यात टाका घालते. बाकीची शिवण कोणीही आधी करो, तो कोपरा तिच्यासाठी उघडा ठेवायचा आणि त्याच टाक्याला पहिला म्हणायचं. तोजीखोन खोलाला नऊ पोरं, नवरा जिवंत आणि अजूनही तिला घाबरून, त्यामुळे मोहल्ल्यातला प्रत्येक पहिला टाका तिचा. यायची, मानाच्या जागी बसायची, टाका घालायची, भेटीचा रुमाल घ्यायची आणि जाताजाता मस्तुराच्या कामाला नावं ठेवायची.

मस्तुराच्या हातचा तो टाका चालत नसे. तिचं पहिलं लग्न मोडलं होतं. मूल होत नाही म्हणून त्या घरानं तिला परत पाठवलं, आणि इथं तुर्सुनअलीकडे आल्यावर वर्षाच्या आत मुलगा झाला, तरी हिशोब बदलला नाही. दुसऱ्या लग्नाची ती दुसऱ्या लग्नाचीच. ती या घरात आली तेव्हा तिच्यासाठी रजया शिवायला कोणी जमलं नव्हतं. आईनं एक जुनीच वळकटी बांधून दिली होती. मोहल्ल्यातल्या निम्म्या सुना तिच्या हातच्या रजयांखाली निजायच्या, पण एकाही रजईचा पहिला टाका तिचा नव्हता. ती वीतभर कोपरा सोडून, तिथं खोलासाठी सुई टोचून, दुसऱ्या टाक्यापासून सुरू करायची. हाताला सवयच पडली होती. घागर उचलताना पाठ वाकते, तशी.

दुसऱ्या दिवशी ती पदर सुटलेला तुपाचा कतलमा आणि खडीसाखर घेऊन तोजीखोन खोलाकडे गेली. खोला ओसरीत गादीवर पसरून नातीकडून पाय चेपून घेत होती.

"ऐकलंय मी," मस्तुरानं तोंड उघडायच्या आत ती म्हणाली. "ताशकंदची बाई. उंच टाचा. पुढं बोल."

मस्तुरानं सांगितलं. शेवटी म्हणाली, "तुम्ही आठवड्यातून एकदा या, खोला. सगळ्यांना एकदम टाके घालून जा. मान मी ठेवीन."

तोजीखोन खोला उठून बसली. नातीला हातानं बाजूला केलं.

"एकदम? म्हणजे गठ्ठा समोर ठेवायचा आणि मी टाका, टाका, टाका करत सुटायचं? मी काय पोस्टाचा शिक्का आहे का गं?"

"तसं नाही हो—"

"पोरीचं नाव काय?"

"कुठल्या पोरीचं?"

"जिची रजई तिचं! मी नाव घेऊन टाका घालते. बारनोची पोर असली की बारनोच्या पोरीचं नाव. तुझ्या त्या दुकानातल्या रजईखाली कोण निजणार आहे ते तुला ठाऊक? मला ठाऊक? तुझ्या टाचवालीला तरी ठाऊक आहे?"

मस्तुरानं मान हलवली.

"मग मी काय म्हणायचं? 'हे परवरदिगार, जी कोणी पैसे देईल तिला सुखी ठेव'?" खोलानं खडीसाखरेचा खडा दाढेत धरून कडकन फोडला. "कतलमा छान झालाय. तूप थोडं जास्त घालत जा, कंजूस बये. टाका मिळणार नाही."

---

शोहिस्ताला फोनवर हे सांगितलं तर ती हसायलाच लागली. "अहो ओपा, तुम्हीच घाला की! ताशकंदमध्ये कोण विचारतंय कोणाचं कितवं लग्न? आम्हाला काय टाक्यावर तुमचं नाव वाचता येतंय?"

मस्तुरानं फोन ठेवला आणि तुतीखाली जाऊन बसली. बाईचं म्हणणं खोटं नव्हतं. कोणाला कळणार होतं? आणि शेवटी दुकानाचा माल. कापसाला लग्न कितवं ते कळत नाही. टाका म्हणजे टाका. तिनं मनाशी पक्कं केलं: नमुन्याच्या रजया आपण एकटीच शिवायच्या. पहिल्या टाक्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत, आपल्या हातानं. बघूच काय आभाळ कोसळतंय.

आणि शिवल्याही. असा कापूस तिनं आजवर फुलवला नव्हता. डाळिंबी आणि मोरपंखी रेशीम, टाके एकसारखे, जणू मुंग्या रांगेनं निघाल्यात. शेवटी शेवटी तर ती शिवताना गुणगुणतही होती. तुर्सुनअलीनं गठ्ठे बांधून ओळखीच्या ताशकंदच्या गाडीत चढवून दिले आणि परत येऊन, कोणी न सांगता, पाहुण्यांच्या खोलीतली फुलदाणी हलवून ठेवली.

शोहिस्ताचा निरोप फोनवर आला तेव्हा मस्तुरा कणीक मळत होती. पिठाच्या हातानं तिनं बटण दाबलं आणि दुकानदारणीचा आवाज स्वयंपाकघरात फुटला.

"ओपा, हे काय पाठवलंय? सगळ्या रजया एका कोपऱ्यात उघड्या! वीतभर शिवणच नाही, कापूस बाहेर डोकावतोय! आणि वरून सुई तशीच टोचलेली! माझ्या गिऱ्हाइकाच्या बोटात घुसली, रक्त आलं! हेच तुमचं काम? असला अर्धवट माल मी ठेवू कुठं?"

 मस्तुरा मोहिगुलकडे वळली. मोहिगुलनं खालमानेनं पाहिलं, आणि दोघींना एकदमच कळलं. डोक्यानं ठरवलं होतं सगळं शिवायचं. हातांना कोणी सांगितलंच नव्हतं. हात आपले वीस वर्षांच्या सवयीनं वीतभर सोडून दुसऱ्या टाक्यापासून निघाले होते, आणि प्रत्येक रजईच्या कोपऱ्यात खोलासाठी सुई टोचून मोकळे झाले होते.

"तू तरी बघायचंस गं!" मस्तुरा म्हणाली.

"मी बघितलं होतं, आया," मोहिगुल रडवेली झाली. "मला वाटलं, खोला येणार असेल."

मस्तुरा पिठाच्या हातानं उंबऱ्यावर बसली. घर म्हणजे घर आणि दुकान म्हणजे दुकान. घरी कोपरा उघडा राहिला तरी भिंतीपलीकडे हाक मारता येते. ताशकंदात कोणाला हाक मारायची? झालं. मशीनवाला धडाधड शिवतो, पण निदान पुरं शिवतो. संध्याकाळी आल्यावर तुर्सुनअलीनं तिचा चेहरा पाहिला. फुलदाणी उचलून गुपचूप जुन्या जागी ठेवली. त्याचा तिला जास्तच राग आला.

---

सकाळी फोन वाजला तेव्हा तिनं उचललाच नाही. मोहिगुलनं उचलला, कानाला लावला, आणि तिचे डोळे चहाच्या पियाल्याएवढे झाले. "आया, घ्या. घ्याच."

"ओपा!" शोहिस्ताला धाप लागली होती. "आधी मला माफ करा, मग ऐका. काल ज्या बाईला सुई टोचली ना, ती ओरडायच्या ऐवजी कोपरा हातात घेऊन खालीच बसली. मला म्हणते, 'हे कोणी सोडलंय?' मी म्हटलं, चूक झाली, परत पाठवते. ती म्हणाली, 'वेडी का काय तू? हा पहिला टाका आहे. आमच्यासाठी सोडलाय.' आणि आज सकाळी दुकान उघडायच्या आधी आपल्या आईला घेऊन दारात हजर! म्हातारीला दोघींनी धरून आणलेलं. तिनं तिथंच, माझ्या गल्ल्यापाशी बसून, नातीचं नाव घेतलं आणि टाका घातला. सगळी गिऱ्हाइकं कामं सोडून उभी. एक बाई तर रडलीच. मीही. सगळ्या रजया गेल्या, ओपा! आणि त्या मशीनवाल्याच्या तशाच पडल्यात. बायका कोपरा उलटून बघतात आणि म्हणतात, 'ही तर शिवून संपलेली आहे, हिच्यात आमच्या म्हातारीनं काय करायचं?'"

मस्तुरानं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"ओपा? ऐकताय ना?"

"ऐकतेय. रक्त आलेल्या बाईचं बोट बरं आहे का?"

"बोट मस्त आहे! आता बोला, काम घेताय ना? पण सगळ्यांचे कोपरे उघडेच पाहिजेत. तेवढं सुईचं काहीतरी करा."

मस्तुरानं हात पुसले. आणि मग जो आवाज निघाला तो मोहिगुलनंही कधी ऐकला नव्हता. सासूबाई बाजारात टरबूज घेताना असा आवाज काढतात, पण त्यात थोडं भांडण असतं. यात भांडण नव्हतं.

"घेतेय. पण तुम्ही म्हणाल तेवढं नाही, माझ्या बायका हातानं शिवतील तेवढं. मशीन लावणार नाही. कापूस फरगाना खोऱ्यातलाच, आणि त्याचे पैसे आधी. सुईला लाल चिंधी गुंडाळीन, टोचायची नाही. आणि माल घ्यायला टाचांचे बूट घालून येऊ नका."

"मंजूर, ओपा. मंजूर!"

तुर्सुनअली गाडीच्या चाव्या घेऊन दारात उभा होता. त्यानं ऐकलं होतं सगळं. तो पाहुण्यांच्या खोलीत गेला आणि आतून सामान ओढल्याचा खरखराट सुरू झाला. थोड्या वेळानं फुलदाणी बगलेत धरून बाहेर आला. "अंदिजानवाल्याला सांगतो, आता हॉटेलात उतर," म्हणाला, आणि त्याला हे सांगायचा योग आला याचा आनंदच जास्त दिसला.

---

पहिल्या दिवशी बायका सकाळीच आल्या. काही संकोचून, काही आव आणून. मजुरीचं ऐकून कोणी नाक मुरडलं, कोणी "असू दे गं, आपल्यात काय" म्हणत बाह्या मात्र सरसावल्या. कढईत ओश शिजायला लागला, गाजराचा आणि मांसाचा वास अंगणात पसरला, छड्या चालू झाल्या आणि संकोच कापसाबरोबर उडाला. खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत अस्तरं पसरली. हसणं, टोमणे, कोणाच्या सुनेच्या तक्रारी, सगळं टाक्याटाक्यानं शिवलं जाऊ लागलं.

पहिली रजई तयार होऊन मधे अंथरली, तेवढ्यात फाटक आपटलं. काठी टेकत तोजीखोन खोला आत आली. बोलावणं नव्हतं. चेहरा असा की ओशाखालचा जाळही मंदावला.

"तर माझा धंदा बसवलास तू," ती म्हणाली. "आता ताशकंदच्या म्हाताऱ्या टाके घालणार. मी घरी बसून माशा मारू?"

"तुम्हीच म्हणालात ना खोला, नावाशिवाय टाका नाही," मस्तुरा म्हणाली. "आता ज्यांच्याकडे नाव आहे त्यांच्याकडे टाका जाईल. मी फक्त जागा सोडतेय."

खोला काठी टेकत पुढं झाली.  तिनं वाकून अंथरलेली रजई चाचपली, टाके पाहिले, आणि नावं ठेवायला तोंड उघडलं, पण नावं ठेवायला काही सापडेना. शेवटी म्हणाली, "पहिली आहे ना ही? कामाची पहिली?"

"हो."

"ही ताशकंदला जायची नाही. आधी घरात एक राहायची, मगच बाकीच्या बाहेर. मुहूर्ताची आहे ती. सुई दे."

 खोला मानाच्या जागी बसली, दोरा ओवायला लागली. दोनदा चुकली, कोणी पुढं झालं नाही, तिसऱ्यांदा ओवला. मग सुई उगारून तिनं मस्तुराकडे पाहिलं.

"नाव सांग. नावाशिवाय मी टाका घालत नाही, ठाऊक आहे तुला."

मस्तुरानं इकडं तिकडं पाहिलं. मोहिगुलचं नाव जिभेवर आलं होतं, मुलाचं आलं होतं. जुनी वळकटी तिला आठवली. आणि मग, भर खोलीत, सगळ्या बायकांसमोर, ती म्हणाली, "माझं."

खोला तिच्याकडे बघत राहिली. कोपऱ्यातली एक बाई खाकरली. तुर्सुनअली खिडकीबाहेर गाडी पुसत होता, त्याचा हात थांबला.

"तेच म्हणते," खोला म्हणाली. "इतकी वर्षं तोंड शिवलं होतं का तुझं? विचारलं असतंस तर मी काय नाही म्हणाले असते?" मग जरा थांबून म्हणाली, "म्हणाले असते. तेव्हा म्हणाले असते. आता म्हणत नाही."

तिनं मस्तुराचं नाव घेतलं, तिच्या बापाच्या नावासकट, मोठ्यानं, गल्लीत ऐकू जाईल असं. चार शब्द पुटपुटले. आणि डाळिंबी रेशमाच्या कोपऱ्यात टाका घातला.

पाहुण्यांच्या खोलीत एकदम कल्ला झाला. कोणी मस्तुराच्या डोक्यावर खडीसाखर उधळली, कोणी खोलाच्या गळ्यात नवा रुमाल टाकला, मोहिगुल हसत होती आणि नाक पुसत होती. लग्नघरातल्यासारखा गोंधळ, फक्त नवरी पन्नाशीला आलेली आणि तिच्या केसांत कापूस.

महिन्याच्या शेवटी गठ्ठे तयार झाले. प्रत्येक रजईचा एक कोपरा उघडा, प्रत्येक सुईला लाल चिंधी. शोहिस्ता सपाट चपला घालून आली. गाडी भरली, गल्लीतली पोरं मागे धावली, आणि तोजीखोन खोला भिंतीवरून ओरडली, "अगं ए ताशकंदवाली! तिकडच्या म्हाताऱ्यांना सांग, टाका बारीक घालायचा! काम कोणाचं आहे ते लक्षात ठेवायचं!"

मस्तुरा फाटकात उभी होती. गाडी वळणाआड गेली तशी ती आत वळली आणि तुतीखालच्या छड्या उचलल्या. त्या दिवशी ठेका असा लागला की पलीकडच्या गल्लीतल्या बायकांनीही काम थांबवून ऐकला.